किती खणी? : वास्तुकलेच्या शिक्षणातील मोजमाप आणि भाषा

१

१९८७ सालच्या दिवाळीच्या आधी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला वाईतील एका वाड्याचे मोजमाप-रेखन करायला पाठवले होते. ‘मेझर्ड ड्रॉइंग’ हा त्याला आमचा कॉलेजातला शब्द. चौघांचा गट, दोन टेपा, एक ओळंबा, पाणसळीसाठी पारदर्शक नळी आणि फळीला लावलेले कागद. सहा दिवस आम्ही खांब न् खांब मोजला. माझे गाव तिथून जवळच. शेवटच्या दिवशी कच्चे नकाशे घेऊन घरी मुक्कामाला गेलो. माझे वडील सुतार. हातातला रंधा खाली ठेवून त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि एकच विचारले, “बरं. पण किती खणी हाय?”

मला सांगता येईना.

दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. लाकूड किती लांबीचे मिळते आणि किती भार पेलते यावर तो ठरतो. साधारण पाच फुटांचा धरतात. जुना सुतार घर फुटांत सांगत नाही. तीन खणी, पाच खणी, सात खणी असे सांगतो. एवढे ऐकले की दुसऱ्या सुताराला किती खांब, किती तुळया आणि कडीपाटाला किती लाकूड लागेल याचा अंदाज येतो. खण हे माप आहे, तसाच तो त्या घराचा हिशेबही आहे.

अण्णांनी नकाशावर बोट ठेवून मोजले. “पाच. आन् ह्यो मधला दाराचा, म्हणून जरा सैल ठिवलाय.” आमच्या वहीत त्या बाजूची मापे होती १५२०, १५०५, १७१०, १५१५ आणि १५२५ मिलिमीटर. मधले माप चुकले असावे असे समजून आम्ही ते तीनदा घेतले होते. बरोबर आलेल्या शिक्षकांनी शेवटी तोडगा काढला होता की पाचही सारखे धरा, नाहीतर शीट वाकडी दिसेल. म्हणजे वाड्याने जे मुद्दाम केले होते, ते आम्ही चूक म्हणून दुरुस्त केले होते.

कॉलेजात परतल्यावर मी शाई भरताना देवडी, सोपा, माजघर, बळद अशी नावे लिहिली. ज्युरीत ती लाल पेन्सिलीने खोडली गेली आणि वर लिहिले गेले: एन्ट्रन्स लॉबी, लिव्हिंग, फॅमिली रूम, स्टोअर. “शीट प्रोफेशनल दिसली पाहिजे,” एवढेच कारण. राग धरावा असे त्यात काही नव्हते. त्या गृहस्थांनाही तसेच शिकवले गेले होते. पुढे मी शिकवू लागलो तेव्हा पहिली काही वर्षे मीही तीच लाल पेन्सिल चालवली. हा लेख त्या पेन्सिलीविषयी आहे.

२

आपल्याकडे वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्कूल १८५७ चे. त्यात १८९६ मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. पुढे जॉन बेग यांच्या पुढाकाराने त्याला चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे रूप आले. १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली स्वतंत्र वास्तुविभाग उभा राहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या संघटनेतून १९२९ ची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स घडली. मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली १९५२ मध्ये आणि स्वतंत्र कॉलेज झाले १९५८ मध्ये.

या सनावळीतला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी ड्राफ्ट्समन, मग पदविका, मग विद्यापीठ. कचेरीत साहेबाच्या कल्पना कागदावर नीट उतरवणारी माणसे हवी होती. या शिक्षणाचे मूळ त्या गरजेत आहे. विद्यापीठाने त्यावर इतिहास, सिद्धान्त, सेवाशास्त्र असे विषय चढवले, पण गाभा बदलला नाही. आजही पाच वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याची किंमत ठरते ती भिंतीवर टाचलेल्या रेखनांवरून. ते पूर्ण चूक आहे असे मी म्हणत नाही. रेखन ही विचार करण्याची पद्धत आहेच. पण रेखनात जे उतरत नाही ते ज्ञानच नाही, असा समज त्यातून तयार झाला आणि त्याची आपल्याला सवय झाली.

या शिक्षणात बांधणाऱ्याचे ज्ञान आणि रेखणाऱ्याचे ज्ञान यांची गाठ पडण्याची एक जागा मात्र होती. ती म्हणजे मोजमाप-रेखन.

३

ती जागा महत्त्वाची आहे हे क्लॉड बॅटली यांना नीट कळले होते. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे ते जे. जे.च्या वास्तुविभागाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या इमारती मोजण्याचा परिपाठ त्यांनी पाडला. त्या रेखनांतून १९३४ मध्ये ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हे पुस्तक निघाले. युरोपातली स्तंभपद्धती गिरवणे हेच शिक्षण समजले जात होते, अशा काळात भारतीय मुलांनी भारतीय इमारतींपासून शिकावे असे सांगणे साधे नव्हते. बॅटलींचे हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

मोठ्या आकाराची ती पाने मी अनेकदा चाळली आहेत. रेषेवरची हुकमत पाहून आजही हात थबकतो. पण पुस्तकाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. ते ‘डिझाइन’च्या विकासाचे पुस्तक आहे. खांब, कमान, जाळी, छज्जा यांचे आकार कसे घडत गेले हे त्यात दिसते. ते ज्या हातांनी घडवले त्यांचा हिशेब दिसत नाही. इमारत मोजली जाते ती पुढच्या आरेखकाने तिच्यातून काही उचलावे म्हणून. मोजणाऱ्याला समोरचा गवंडी काय म्हणतो हे विचारण्याची गरज या पद्धतीत पडत नाही.

बॅटलींच्या नंतर परिपाठ राहिला आणि त्यामागची जिज्ञासा आटली. मोजमाप-रेखन हे एका सत्रातले काही गुणांचे काम झाले. आता तर लेझरचे यंत्र वाडा काही तासांत टिपते. माप अचूक येते, १७१० चे १५१५ होत नाही. पण मधला खण सैल का, हा प्रश्न यंत्राला पडत नाही, आणि आम्ही तो विद्यार्थ्यालाही पडू दिलेला नाही.

४

आता त्या खोडलेल्या शब्दांकडे येतो. माजघर म्हणजे लिव्हिंग रूम नव्हे, फॅमिली रूमही नव्हे. माजघर म्हणजे मधले घर. सोपा हा चौकाकडे उघडा. ओटी, पडवी, परसू ही नावे जागा कुठे आहे ते सांगतात. तिथे काय करायचे ते सांगत नाहीत. म्हणूनच माजघरात दुपारी धान्य निवडले जायचे, संध्याकाळी पंगत बसायची, रात्री अंथरुणे पडायची. लिव्हिंग, डायनिंग, बेडरूम ही नावे एका जागेला एक काम नेमून देतात. नाव बदलले की घराची कल्पनाच बदलते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे घर रेखताना आमचा विद्यार्थी आधी ‘लिव्हिंग’ शोधतो आणि न सापडल्याने त्या घराला अपुरे ठरवतो, त्याचे एक कारण या शब्दांत आहे.

पण इथे थांबलो तर हा लेख वाड्याच्या गोडव्यात विरघळेल. जुन्या शब्दांत नुसते शहाणपण नव्हते, दरडावणीही होती. ओटा, देवडी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर ही आत जाणारी नावे म्हणजे कोणी कुठपर्यंत यायचे याचा नकाशाच होता. अण्णा त्याच वाड्यात पूर्वी कामाला गेलेले होते. माजघराचा कडीपाट बदलताना ते माजघरात शिडी लावून उभे असायचे; भाकरी खायला मात्र देवडीत येऊन बसायचे. ज्यांनी जोत्याचा दगड फोडला त्यांना तर देवडीही नव्हती. आत, बाळंतिणीची अंधारी खोली आणि सोवळ्यात बसवलेल्या बाईचा कोपरा ही त्याच घराची दुसरी बाजू.

माझ्या शीटवर ‘एन्ट्रन्स लॉबी’ लिहिले गेले तेव्हा एकाच फटक्यात दोन गोष्टी पुसल्या गेल्या: सुताराचा हिशेब आणि सुताराची बसण्याची जागा. लॉबीत कोणीही बसू शकतो. देवडीत कोण बसायचे हे विचारावे लागते. परंपरेचे गोडवे गाणारे आणि तिला अडगळ समजणारे, दोघांनाही लॉबी हा शब्द सोयीचा, कारण तो काही विचारायला लावत नाही.

५

कोणी म्हणेल, हे सगळे इतिहासाच्या तासाला ठीक. व्यवसाय आज काँक्रीट, नियमावली आणि एफएसआयवर चालतो. मान्य आहे. म्हणून व्यवसायाच्या अंगानेच पाहू.

१९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने नोंदणी आणली आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन केली. या शिक्षणाचे निकष कोणाचे, कौन्सिलचे की तंत्रशिक्षण परिषदेचे, हा वाद कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये कौन्सिलच्या बाजूने मिटला. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, नोएडा प्राधिकरणातील पदांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाचे रक्षण करतो. इमारतीचे आरेखन करण्याच्या कामावर नोंदणीकृतांची मक्तेदारी देत नाही. आमच्या व्यवसायात त्या निकालाने बरीच चिडचिड झाली. मला तो आरसा वाटला. बिरुद कायद्याने मिळते. त्या बिरुदामागे असे काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, याचे उत्तर शिक्षणानेच द्यायचे आहे.

ते आपण कसे देतो? इंग्लंड-अमेरिकेत पदवीनंतर काही काळ प्रत्यक्ष काम आणि मग व्यवसायाची परीक्षा असते. आपल्याकडे मान्यताप्राप्त पदवी हाती आली की नोंदणी करता येते. म्हणजे पदवीच्या आतले एखाद्या सत्राचे ‘प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ हाच नवख्याचा एकमेव अधिकृत अनुभव. तो बहुतेकदा कचेरीतल्या पडद्यासमोर जातो. शौचालयाच्या फरशांचे तपशील, बिल्डरला दाखवायचे रंगीत ‘व्ह्यू’, मंजुरीच्या नकाशातल्या दुरुस्त्या. काही ठिकाणी मानधन इतके थोडे, की शहरात खोली घेऊन राहणे ज्याच्या घरच्यांना परवडते त्यालाच चांगली कचेरी परवडते. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी ज्युरीत इंग्रजीपायी गप्प राहते आणि ट्रेनिंगला जवळची मिळेल ती कचेरी धरते. पण साइटवर गवंड्याशी, सेंटरिंगवाल्याशी नीट बोलू शकणारी तीच असते. ते तिच्या गुणपत्रिकेत कुठेच येत नाही.

१८९६ च्या वर्गाने कचेरीला माणसे पुरवली. सव्वाशे वर्षांनी आपण पदवी, कौन्सिल आणि न्यायालयीन निकाल एवढा पल्ला गाठून पुन्हा कचेरीलाच माणसे पुरवत असू, तर विद्यापीठाने यात भर काय घातली?

याला अपवाद झालेले नाहीत असे नाही. बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात लाकडी फर्निचरचा व्यवसाय असलेल्या घरात जन्मले. ते जे. जे.मध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिएंकडे राबले आणि १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर उभे केले. लॉरी बेकर बर्मिंगहॅमला शिकून आले, पण पिथोरागढच्या डोंगरातल्या लोकांची घरे पाहून पुन्हा शिकले. दोघांच्याही कामात कारागिराशी झालेले बोलणे दिसते. मात्र अशा माणसांच्या पुण्याईवर व्यवस्था चालत नाही. ते बोलणे अभ्यासक्रमात बसवावे लागते.

६

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वाड्याऐवजी मुंबईच्या बीडीडी चाळीत नेले. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास दारात येऊन ठेपला होता. मी दोनच अटी घातल्या. मापाबरोबर घरातली माणसे ज्या जागेला जे म्हणतात तेच नाव लिहायचे. आणि जे माप विचित्र वाटेल ते दुरुस्त न करता त्याचे कारण विचारायचे.

एका मुलीने एकाच खोलीचे दोन नकाशे आणले, दिवसाचा आणि रात्रीचा. दिवसाच्या नकाशात शिलाईचे यंत्र, मोरी, अभ्यासाचा पाट. रात्रीच्या नकाशात अंथरुणे, त्यांतले एक बाहेरच्या गॅलरीत. तिथे तिने लिहिले होते, ‘दादाची जागा’. पोटमाळ्याची उंची मोजून तिने कडेला नोंद केली होती की आजोबा बसू शकतील एवढीच ती ठेवली आहे. ज्युरीला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, “यातले डिझाइन कुठे आहे?” तिला पटकन इंग्रजीत उत्तर सुचले नाही. मग ती मराठीत म्हणाली, “सर, हे त्यांनी आधीच केलंय. मी मोजलं फक्त.”

मी तिला चांगले गुण दिले, पण तेवढ्याने काही बदलत नाही हे मला ठाऊक आहे. पुढच्या सत्रात ती ‘लिव्हिंग’ आणि ‘मास्टर बेड’ लिहूनच पुढे गेली, जावेच लागते. तरी चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींचे नकाशे तिच्यासारख्या कोणाच्या हाती आले, तर दादाची जागा कुठे गेली हा प्रश्न निदान तिला पडेल.

अण्णा आता नाहीत. त्या वाड्याची माझी शीट अजून आहे. पाच खण सारखे, लॉबी, लिव्हिंग, स्टोअर. दरवर्षी पहिल्या तासाला मी ती वर्गात लावतो आणि मुलांना विचारतो, यात काय चुकले आहे? रेषा सुरेख आहेत, म्हणून बराच वेळ कोणालाच काही सापडत नाही.