सरासरीचा छेद

क्रिकेटमधल्या फलंदाजाची सरासरी कशी काढतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असते. एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागायचे. डॉन ब्रॅडमनच्या कसोटीतल्या ६९९६ धावांना ७० ने भागले, की ९९.९४ मिळतात. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमधली ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’ यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात धावा येतच नाहीत. ‘हिट’ची संख्या भागिले ‘अ‍ॅट-बॅट’ची संख्या, असे ते एक गुणोत्तर असते. तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेल्या या आकड्यावरून तिथे शाळकरी खेळाडूंचीही तुलना केली जाते. मुलांच्या खेळात हा आकडा एवढा भार पेलू शकतो का, ते तपासून पाहू.

समजा, सॉफ्टबॉल खेळणारी एक मुलगी हंगामात २५ वेळा बॅटिंगला आली. तिने ६ हिट मारल्या. ४ वेळा पिचरचे चार चेंडू कक्षेबाहेर गेल्यामुळे तिला पहिला बेस मिळाला. याला ‘वॉक’ म्हणतात. एकदा तिने हलका बंट मारून, स्वतः बाद होऊन, सहकारी मुलीला पुढच्या बेसवर पोचवले. २ वेळा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे ती बेसवर पोचली आणि उरलेल्या १२ वेळा बाद झाली. अ‍ॅट-बॅट मोजताना वॉक आणि असा ‘सॅक्रिफाइस’ वगळतात. म्हणून छेद २५ नव्हे, तर २० आणि सरासरी ६/२० म्हणजे ०.३००. चुकीमुळे बेस मिळाला ते दोन प्रसंग छेदात आहेत, पण अंशात नाहीत.

या आकड्यावरचा पहिला आक्षेप असा, की वॉक त्यात दिसतच नाही. कक्षेबाहेरचा चेंडू ओळखून तो सोडणे हेही कौशल्यच आहे. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ४५६ अ‍ॅट-बॅटमध्ये १८५ हिट मारल्या. ही ०.४०६ ची सरासरी आजही प्रसिद्ध आहे. पण त्याच हंगामात त्याला १४७ वॉक मिळाले आणि ३ वेळा चेंडू लागल्यामुळे बेस मिळाला. हे सगळे धरले तर ६०६ पैकी ३३५ वेळा, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा, तो बेसवर पोचला. अशा ‘ऑन-बेस’ गुणोत्तराचा पुरस्कार ब्रँच रिकी यांनी संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉथ यांच्या मदतीने १९५४ मध्ये जाहीरपणे केला. व्यावसायिक बेसबॉलच्या अधिकृत आकडेवारीत त्याला स्थान मिळायला मात्र १९८४ साल उजाडले. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे हे गुणोत्तर १०/२४, म्हणजे ०.४१७ येते. (बंटचा प्रसंग इथेही वगळतात.) लहान वयातल्या पिचरचा चेंडूवर पुरेसा ताबा नसतो, त्यामुळे वॉक पुष्कळ मिळतात. म्हणजे ज्या वयात हा भाग मोठा, त्याच वयात आपण तो झाकून ठेवतो. मुलांना हे लवकर कळते. सरासरी वाढवायची म्हणून ती सोडण्याजोग्या चेंडूवरही बॅट फिरवतात.

दुसरा आक्षेप नोंदीबद्दलचा. फटका हिट होता, की क्षेत्ररक्षकाची चूक होती, हे गुणलेखक ठरवतो. मुलांच्या सामन्यात हे काम अनेकदा एखादा पालक करतो. वरची दोन चुकांची नोंद कुणी हिट म्हणून केली असती, तर ०.३०० ऐवजी ०.४०० झाले असते. खेळ तोच, मुलगी तीच!

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. २० ही संख्या फार लहान आहे. दर अ‍ॅट-बॅटला हिटची शक्यता नेमकी ०.३ आहे असे मानून द्विपद विस्ताराने गणित केले, तर २० पैकी ४ ते ८ हिट मिळण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के येते. उरलेल्या २२ टक्के वेळा हिट याहून कमी किंवा जास्त असतील. म्हणजे अगदी सारख्या कुवतीच्या दोन मुलींपैकी एकीची सरासरी ०.२०० आणि दुसरीची ०.४०० दिसली, तर त्यात नवल नाही. हे वर्गात करून पाहता येईल. दहा चिठ्ठ्यांपैकी तिनांवर खूण करा. एक चिठ्ठी काढायची, नोंद करून परत टाकायची, असे प्रत्येक विद्यार्थ्याने वीस वेळा करावे. सर्वांच्या चिठ्ठ्या सारख्याच असूनही वर्गात ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ बॅटर तयार होतील. व्यावसायिक खेळात सरासरीचे विजेतेपद देताना १६२ सामन्यांच्या हंगामात निदान ५०२ वेळा बॅटिंगला आलेल्यांचाच विचार होतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण पंचवीस वेळांवर निकाल देतो.

सरासरींची सरासरी काढण्यातही धोका आहे. १९९५ मध्ये डेरेक जीटरच्या ४८ पैकी १२ आणि डेव्हिड जस्टिसच्या ४११ पैकी १०४ हिट होत्या. १९९६ मध्ये त्याच संख्या ५८२ पैकी १८३ आणि १४० पैकी ४५ अशा होत्या. दोन्ही वर्षी जस्टिस पुढे आहे. बेरीज केली तर जीटर १९५/६३० म्हणजे ०.३१०, आणि जस्टिस १४९/५५१ म्हणजे ०.२७०. अंश आणि छेद लपवले, की हे कोडे सुटत नाही.

तरीही ही सरासरी टाकाऊ नाही. ती काढायला सोपी आहे आणि अपूर्णांक शिकवायला उत्तम आहे. मात्र मुलांच्या फलकावर ०.३०० न लिहिता ‘२० पैकी ६ हिट, ४ वॉक’ असे लिहावे. तेवढ्याने आकड्यामागची संख्या किती लहान आहे, हे वाचणाऱ्याला दिसते. आपल्याकडेही शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळला जातो. चार-पाच सामन्यांत एखाद्या मुलीच्या वाट्याला दहा-पंधरा अ‍ॅट-बॅट येतात. तेवढ्यावरून तिला संघातून वगळणारा शिक्षक आकडेवारीचा आधार घेत नसतो; तो चिठ्ठी काढत असतो. वीस गुणांच्या एका चाचणीवरून विद्यार्थ्यांचे क्रमांक लावतानाही आपण हेच करतो का, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा.