नाव, तारीख आणि बोटभर कागद

ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने एक काळी प्लॅस्टिकची बादली बरीचशी जमिनीत पुरून ठेवली. आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती. शंभर-शंभर मीटर हुकणारी यंत्रं एका रात्रीत नेमकी जागा दाखवू लागली होती, आणि ही अचूकता उल्मर यांना अजमावून बघायची होती. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, नकाशांचं सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा हवाबंद डबा होता. शिवाय एक वही आणि पेन्सिल. उल्मर यांनी जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि सोबत तीन छोट्या सूचना दिल्या : काही घ्या. काही ठेवा. सगळं वहीत नोंदवा. तीन दिवसांच्या आत ती बादली दोघांना सापडली. पहिले होते माइक टीग. महिनाअखेरीस या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं गेलं आणि तेच रूढ झालं.

त्या तीन सूचना मला फार आवडतात. पहिल्या दोन देवघेवीच्या आहेत आणि तिसरी त्या देवघेवीचा हिशेब ठेवण्याची आहे. म्हणजे मुळात वही होती ती जमाखर्चाची : अमुक नेलं, तमुक ठेवलं. पुढच्या पाव शतकात झालं भलतंच. वस्तू मागे पडल्या आणि वही उरली. आज या खेळातले असंख्य डबे शंभर मिलिलिटरपेक्षाही लहान असतात. काही तर पुलाच्या कठड्याला चुंबकाने चिकटलेल्या, बोटाच्या पेराहून छोट्या डब्या. त्यांत ठेवायला-घ्यायला काही मावतच नाही, मावते ती फक्त कागदाची गुंडाळी. खेळाचा नियमही आता त्या कागदावरच टेकलेला आहे. कागदावर तुमचं नाव असेल तर डबी तुम्हाला सापडली, नसेल तर नाही. नाव नसताना कुणी खेळाच्या संकेतस्थळावर ‘सापडली’ म्हणून नोंद केली, तर डबीचा मालक कागद उघडून ताडून बघू शकतो आणि ती नोंद पुसू शकतो. तीन सूचनांतली शेवटची, जी सहज म्हणून जोडल्यासारखी वाटते, तीच टिकली.

आणि ती टिकली म्हणूनच सही करण्याच्या नाना तऱ्हा निर्माण झाल्या. त्या तऱ्हा लक्ष देऊन वाचण्याजोग्या आहेत असं मला मनापासून वाटतं.

या सहीचा सांगाडा अगदी साधा असतो. नाव आणि तारीख, फार तर वेळ. पण यातलं नाव आईबापांनी ठेवलेलं नसतं. ते खेळाडूने स्वतःसाठी घेतलेलं असतं. कुणी पक्ष्याचं नाव घेतो, कुणी आपल्या कुत्र्याचं, कुणी गावाचं, तर कुणी नवरा-बायकोच्या नावांचे तुकडे जोडून एक नवंच नाव करतो. बँकेतली सही आपण ओळख पटावी म्हणून करतो आणि आयुष्यभर तीच गिरवतो. इथली सही मात्र माणूस हौसेने घडवतो. नावातल्या एखाद्या अक्षराच्या पोटात होकायंत्राची सुई येते, शेपटीला बेडूक बसतो. कुटुंबाने मिळून सही केली असेल तर आईबापांच्या सराईत अक्षराखाली नुकतं लिहायला शिकलेल्या हाताची मोठी, वाकडी, कागद दाबून काढलेली अक्षरं दिसतात. त्या एका ओळीला वहीतली तीन ओळींची जागा लागते, आणि ती तशी लागलेली बघताना बरं वाटतं.

तारखेतही बरंच वाचता येतं. नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीत सही करण्याचा मान या खेळात मोठा मानतात. त्यासाठी लोक रात्री-अपरात्री गाडी काढतात. म्हणून पहिल्या सहीशेजारी हटकून वेळ असते, मिनिटापर्यंत. दुसरीलाही अनेकदा असते, कारण थोडक्यात हुकल्याची चुटपुट तिला नोंदवायची असते. तिसरीपासून घड्याळ गळून पडतं आणि नुसती तारीख उरते. पुढे पानं शांत होतात, दोन सह्यांमध्ये आठवडे जातात, कधी अख्खा हिवाळा. एका पानात अशी सुरुवातीची धावपळ आणि नंतरचा संथपणा बघायला मिळतो, तो कुणीही ठरवून रचलेला नसतो.

अक्षर आणि जागा यांचंही नातं असतं. डोंगरावरच्या लष्करी बनावटीच्या लोखंडी पेटीत जाडजूड वही असेल, तर लिहिणारा दगडावर टेकतो, पाणी पितो आणि मग वाक्यं लिहितो : वारा कसा होता, सोबत कोण होतं, वाटेत काय दिसलं. शहरातल्या चौकात खांबामागे लपवलेल्या डबीतली सही वेगळी असते. खेळ ठाऊक नसलेल्यांना हे लोक हॅरी पॉटरच्या गोष्टींतून उचललेल्या ‘मगल’ या नावाने ओळखतात, आणि मगलांच्या नजरा चुकवून सही उरकायची असते. मग नावाची अक्षरं एकमेकांत पळतात, तारखेतलं साल गळतं. घाई किती होती हे हस्ताक्षरावरून कळतं. एकाच माणसाची डोंगरातली आणि चौकातली सही शेजारी ठेवली, तर एकच हात आहे हे पटायला वेळ लागेल.

चिमुकल्या डबीतल्या गुंडाळीवर तर लिहायला जेमतेम बोटभर रुंदीही नसते. तिथे जी काटकसर घडली तिला मी कलाच म्हणेन. खेळाडूंनी आद्याक्षरांची एक भाषाच घडवली. डबीबद्दल आभार मानायला इंग्रजीत टीएफटीसी, जर्मनीत डीएफडीसी, फ्रान्समध्ये एमपीएलसी. काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही हे सांगायला टीएनएलएन. यातलं टीएनएलएन मला विशेष वाटतं. उल्मर यांच्या पहिल्या दोन्ही सूचना पाळल्या नाहीत, हे तिसरी सूचना पाळत चार अक्षरांत सांगून टाकलं आहे! मोठा गट एकत्र हिंडत असेल तर सगळ्यांनी मिळून त्या दिवसापुरतं एक नाव घ्यायचं आणि तेवढंच लिहायचं, अशी रीत आहे. का, तर मागून येणाऱ्याला जागा उरावी. कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी आपलं नाव आखडतं घेणं, ही या सहीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट.

आता काही जण सहीऐवजी मारतात त्या शिक्क्यांकडे वळतो, कारण त्यांची वंशावळ खेळाहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं विस्तीर्ण, दलदलीचं, ओसाड पठार आहे. त्याच्या अवघड मध्यभागी क्रॅनमिअर पूल ही जागा. चॅगफर्डचे वाटाडे जेम्स पेरट यांनी १८५४ मध्ये तिथे एक बाटली ठेवली. इथवर पायी पोचलेल्याने आपलं भेटकार्ड तिच्यात टाकायचं. नंतर वही आली. लोक तिथे पत्रंही ठेवू लागले आणि पुढच्या वाटसरूने ती उचलून टपालात टाकायची असा प्रघात पडला. त्यावरूनच या छंदाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. पुढे रबरी शिक्के आले. पेटीचा शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा आणि आपला स्वतःचा शिक्का पेटीतल्या वहीत उमटवायचा. हे स्वतःचे शिक्के अनेकदा हातानेच कोरलेले असतात.

हा शिक्का जिओकॅशिंगमध्येही आला. छोट्या गुंडाळीवर नखाएवढा शिक्का मारणारे खेळाडू आहेत. चांगल्या शिक्क्यात मला हाताचं काम दिसतं. रबर कापताना सुटलेली रेघ, शाई कमी पडल्याने पुसट राहिलेली कड, घाईत तिरपा बसलेला ठसा. तोच शिक्का दर वेळी निराळा उमटतो. त्यामुळे शिक्का असूनही ती सही राहते.

छापील स्टिकरबद्दल मात्र माझं मत अनुकूल नाही. रंगीत, चकचकीत, दूरच्या छापखान्यात शेकड्याने छापलेलं नाव वहीत चिकटवून पुढे जायचं, यात त्या दिवसाचं काहीच येत नाही. थंडीने आखडलेली बोटं नाहीत, पाठीचा टेकू घेतलेल्या झाडाचा खडबडीतपणा नाही. स्टिकर जागा खातो, गुंडाळी जाड करतो, मग डबीचं झाकण नीट बसत नाही आणि पाणी शिरतं. सही सुंदर असेल, पण तिच्यामुळे आधीच्या वीस सह्या भिजणार असतील तर ती सही म्हणून फसली, असं मी म्हणेन.

उलट टोकाला आहे पेन नसलेला माणूस. छोट्या डबीत पेन मावत नाही आणि चढण चढून गेल्यावर खिशात ते सापडत नाही, हे या खेळात नेहमीचं. पण नियम तर नियम. मग ओल्या मातीत काडी बुडवून, जांभळट फळ चिरडून, हिरवं पान कागदावर घासून, जळक्या लाकडाच्या कोळशाने सह्या होतात. अशा सहीत अक्षर नीट लागत नाही, तारखेला वावच नसतो. तरी वहीतल्या साऱ्या सह्यांत तिला तोड नाही. ती कुठे केली हे वेगळं सांगावं लागत नाही, तिथली मातीच तिच्यात असते.

पाऊसही या वह्यांत लिहीत असतो. शाई पसरते, पानं चिकटतात, दोन अनोळखी नावं एकमेकांत उतरतात. म्हणून जाणते मालक पेन्सिल ठेवतात, किंवा पाण्यात टिकणारा कागद वापरतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा गावी असा कागद १९१६ पासून बनतो, तोही मुळात पावसाळी जंगलांत लाकूडतोडीच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी.

हे सगळं वाचतं कोण? आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्याय जुनी वही उघडतात आणि आपण पणजोबांची सही शोधतो. तिथे आपलं माणूस सापडतं. जिओकॅशच्या, म्हणजे या खेळातल्या लपवलेल्या डब्याच्या, वहीत आपलं कुणी नसतं. तरी आपली सही करण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण मागची पानं चाळतो, कोण कोण येऊन गेलं ते बघतो. मालक वही भरल्यावर ती घरी नेतो आणि सावकाश वाचतो. त्याने निवडलेल्या जागी किती जण आले, ती जागा त्यांना आवडली की नाही, हे त्याला या सह्यांतूनच कळायचं असतं. कॅन्सस राज्यातली मिंगो ही कॅश ११ मे २००० रोजी ठेवली गेली आणि अजून खेळात आहे. खेळात असलेल्या कॅशपैकी ती सर्वांत जुनी. महामार्गालगतच्या त्या जागी लोक दुरून मुद्दाम येतात, वहीत एक ओळ लिहितात आणि निघतात. संकेतस्थळावर मागाहून कितीही लांबलचक वर्णन लिहिता येतं. कागदावरची ओळ मात्र तिथे उभं राहूनच लिहावी लागते. वर्णनापेक्षा मला ती ओळ जास्त मोलाची वाटते.

मुंबई-पुण्याकडेही अशा डब्या लपलेल्या आहेत. तुमच्या हाती एखादी लागली तर आधीची पानं जरूर वाचा. मग हाताने, पेन्सिलने, बारीक अक्षरात नाव आणि तारीख लिहा. गुंडाळी घट्ट वळा, झाकण पूर्ण फिरवून बंद करा आणि डबी जिथे होती तिथेच परत ठेवा.