पुदोव्किनच्या चित्रपटातील मंगोलिया

व्सेवोलोद पुदोव्किन यांचा १९२८ चा सोव्हिएत मूकपट 'आशियावरील वादळ' मंगोल क्रांतीचे कलादर्शन म्हणून गौरविला जातो. त्याची चित्रभाषा प्रभावी आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यात मंगोल भूमीवर ब्रिटिश फौज राज्य करताना दिसते. असे कधी घडले नाही. १९२१ मध्ये उर्गा जिंकणारा बॅरन उंगर्न हा बोल्शेविकविरोधी रशियन सेनानी होता. रशियातूनच आलेले संकट दिग्दर्शकाने परक्याच्या माथी मारले आहे.

लामांचे चित्रण अधिक विचारणीय आहे. मोठ्या विहारांपाशी विपुल पशुधन होते, त्यांच्या सेवेस बांधलेली कुटुंबे होती. अशा धर्मसत्तेवर टीका व्हावयासच हवी; बाबासाहेबांच्या अनुयायांना ती खटकू नये. येथे मात्र टीकेच्या जागी टवाळी आहे. तान्हे बालक महालामा म्हणून मिरविले जाते तो प्रसंग पाहावा (हसू येते, हेही खरे). तथागतांचा धम्म आणि लामांची जहागीर यांत दिग्दर्शक भेदच करीत नाही. १९३७ नंतर चोयबाल्सनच्या राजवटीनेही तो केला नाही: हजारो लामांना गोळ्या घालण्यात आल्या, शेकडो विहार उद्ध्वस्त झाले. १९५६ मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी साम्यवादाच्या हिंसक साधनांवर जो आक्षेप घेतला, त्याचा हा मंगोल दाखला होय.

चित्रपटातील मुखवट्यांचे त्साम नृत्य मात्र खऱ्या लामांचे आहे. बुर्यातियातील विहारात ते चित्रित झाले. उपहासाच्या ओघात टिपलेली ती दृश्ये आज विध्वंसापूर्वीच्या परंपरेचा दुर्मिळ पुरावा ठरली आहेत.