थप्पड बसते आणि तो बोलू लागतो

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत सगळ्यांची दारं सारखी होती. एकच रंग, एकच माप, कडीसुद्धा तीच. त्यामुळे 'सीआयडी'त दयाने खांदा लावून दार पाडलं की आमच्याकडे लगेच विषय निघायचा : आपलं दार किती धडकांत पडेल? शिफ्टवरून आलेले वडील जेवता जेवता म्हणायचे, "आपलं सरकारी आहे. खोकलं तरी पडेल."

दयाच्या दाराची इतकी थट्टा झाली आहे की ते दार कथेत काय काम करतं, हे आता कुणी पाहत नाही. पाऊण तासात खून, तपास आणि अटक बसवायची तर परवानग्या, पंचनामे, साहेबांची सही, रासायनिक अहवालाची वाट पाहणं हे सगळं कुठेतरी गडप करावं लागतं. डॉ. साळुंखेंच्या नळ्यांतलं द्रावण चार सेकंदांत रंग बदलतं, ते यासाठीच. दार पडतं, तेही यासाठीच. मालिकेला वेळ वाचवायचा असतो, आणि प्रेक्षकाला तो वाचवलेला वेळ पोलिसांचा पराक्रम म्हणून दिसतो.

१९९८च्या जानेवारीत सुरू झालेली ही मालिका हिंदी असली तरी आम्ही ती मराठीच समजायचो. साटम, शेट्टी, साळुंखे, सगळे ओळखीचे वाटायचे. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये जमलेली, हेही वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं. त्याच्याही मागे बाबूराव अर्नाळकर होतेच. पण अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या कडेने चालणारे. त्यांचे उद्योग वाचताना ते आपल्या गल्लीत घडतील असं कुणाला वाटत नसे. एसीपी प्रद्युम्न मात्र सरकारी नोकर आहे. त्याच्या टेबलावर फाइल आहे, खिशात ओळखपत्र आहे. त्याचं वागणं म्हणजेच कायदा, असं समजायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा प्रसंग. संशयित नाकारतो, पुरावा समोर ठेवला जातो, तो तरीही नाकारतो, मग थप्पड. आणि थप्पड बसली की तो बोलू लागतो : कसं केलं, का केलं, सगळं क्रमवार. भागात कोर्ट नसतं, त्याची गरजच उरत नाही. शिक्षाही तिथेच सांगून टाकली जाते, बहुतेकदा फाशी.

आता यातली गंमत अशी, की या प्रसंगावर आपल्या कायद्याने १८७२ सालीच काट मारून ठेवली होती. पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. ब्रिटिशांना इथल्या प्रजेचा कळवळा होता अशातला भाग नाही. आपले पोलीस कबुली कशी काढतात, हे त्यांना माहीत होतं, एवढंच. म्हणजे मालिकेचा जो कळसाध्याय, तोच न्यायालयात सर्वांत कुचकामी कागद.

हे मला कळलं ते फार उशिरा.

२००४च्या दिवाळीच्या तोंडावर 'सीआयडी'ने एकही तुकडा न जोडता चित्रित केलेला १११ मिनिटांचा भाग दाखवला. त्याचा विक्रम झाला, वसाहतीत त्याचीच चर्चा होती. त्याच आठवड्यात आईच्या दोन बांगड्या सापडेनात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा मुलगा माझ्याच वयाचा, तेरा-चौदाचा. दिवाळीच्या साफसफाईला तोही आला होता. शेजारचे काका, वडील आणि आणखी दोघांनी त्याला आमच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. काका उभेच होते, हात मागे बांधून, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. तीनदा विचारलं, तो नाही म्हणाला. मग काकांनी एक ठेवून दिली. मुलगा म्हणाला, हो. कुठे आहेत? नदीत टाकल्या. सोन्याच्या बांगड्या गोदावरीत कोण टाकेल, हा प्रश्न चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही. मला तर भाग बरोबर जागी संपल्यासारखं वाटलं होतं.

मालिकेनं हे केलं, असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या पोरावर आळ घ्यायला आपल्याला टीव्हीची गरज कधीच नव्हती. पण उभं कसं राहायचं, किती वेळा विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे आम्ही तिथून उचललं होतं.

पुढे 'क्राइम पेट्रोल' आलं. त्यात थप्पड कमी, पण शेजारी, नोकर, भाडेकरू यांच्याकडे तिरक्या नजरेनं पाहायचा सल्ला फार. 'देवमाणूस'ने मात्र खरोखर वेगळी वाट धरली होती. सातारा जिल्ह्यात वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्यांवरून ती सुचलेली. खुनी कोण हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत, आणि गाव ज्याला देव मानतं तोच तो. संशय चुकीच्या माणसावर कसा जातो आणि योग्य माणसावर का जात नाही, हे ती मालिका दाखवू शकली असती, सुरुवातीला थोडं दाखवलंही. पण रोजच्या मालिकेचं गणित उलटं असतं. गुन्हेगार सापडला की दुकान बंद, म्हणून त्याला निसटवत राहावं लागतं. पोलीस मूर्ख होत जातात आणि मेलेल्या बाया नुसत्या मोजायला उरतात.

डिसेंबर २०२४मध्ये 'सीआयडी' परत आली. निवृत्त झालेले वडील पहिले काही भाग नेमाने बघत होते. साटमांचं वय झालंय, म्हणाले. माझी तक्रार वेगळी होती. इतक्या वर्षांत, पंधराशेच्या वर भागांत, पकडलेला माणूस निर्दोष होता असं नंतर कळलं आणि पथक त्याच्या घरी गेलं, असा प्रसंग मला आठवत नाही. दार तोडायला जातात, पण परत त्याच दारात जाण्याची सोय या प्रकारात नाही.

बांगड्या फेब्रुवारीत सापडल्या, तांदळाच्या डब्याच्या तळाशी. चोरांच्या भीतीनं आईनेच ठेवल्या होत्या. वडील मला घेऊन गावात मावशींच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मुलगा घरात नव्हता. वडिलांनी जे सांगायचं ते सांगितलं, दोन वाक्यांत. मावशींनी ऐकून घेतलं आणि नोव्हेंबरचे राहिलेले पैसे मागितले. वडिलांच्या खिशात तेवढे नव्हते. मी सायकलवरून घरी आलो, पैसे घेऊन परत गेलो, तोवर ते दोघं तसेच उभे होते.