सिनेमा ‘आला’ म्हणजे काय आलं?

मंडळी, ७ जुलै १८९६ ही तारीख आपल्याला पाठ आहे. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या मारिउस सेस्तिए नावाच्या माणसाने सहा छोट्या फिती दाखवल्या आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. इथवर ठीक आहे. पण पुढे एक वाक्य हमखास जोडलं जातं, की पडद्यावर आगगाडी येताना पाहून लोक घाबरून पळाले. पॅरिसची दंतकथा आपण जशीच्या तशी मुंबईला चिकटवतो. आमचा आक्षेप इथे आहे.

म्हणजे बघा, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १८५३ साली. आज आपण मुलुंडला बसलोय, ती याच बाजूने गेली. मुंबईकर त्रेचाळीस वर्षं आगगाडी पाहत होता, तिच्यात बसून गावी जात होता. दुसऱ्या एका फितीत कारखान्यातून सुटलेले कामगार होते. गिरण्यांच्या शहराला त्याचं काय नवल? नवल होतं ते वेगळंच. रोजचंच दृश्य, पण समोर कुणी नसताना पडद्यावर पुन्हा घडतंय.

आणि हलती चित्रं तरी अगदीच नवी होती का? कल्याणचे महादेव पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायची, काचा अशा बदलायच्या की आकृती हलल्यासारखी वाटावी. जोडीला निवेदन, गाणी. शांबरी म्हणजे माया, गारुड. मायावादावर आम्ही आयुष्यभर वर्गात बोललो, म्हणून या नावापाशी जरा रेंगाळतो. हा भ्रम आहे असं नावातच सांगून खेळ लावायचा, आणि लोकांनी ते जाणून रंगून जायचं! अशा प्रेक्षकाला पडद्यावरची गाडी खरी वाटली म्हणणं हा त्याचा अपमान आहे. साहेबाच्या यंत्रापुढे भांबावलेला नेटिव्ह, हे चित्र आपण अजून किती दिवस पुरवून वापरणार?

अर्थात रंगवलेला समुद्र आणि छायाचित्रातला समुद्र एक नव्हे. खरोलिकेत लाट चित्रकाराने ठरवलेली. फितीतली लाट कुणीच ठरवलेली नाही. हा फरक मोठा आहे, तो नाकारायचा नाही.

वॉटसनमधलं तिकीट एक रुपया होतं, त्या काळचा रुपया, बरं का. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, पुढे दर चार आण्यांपर्यंत उतरले, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय झाली. आमच्या मते मुंबईत सिनेमा आला तो तेव्हा.

आणि पळून गेलेला प्रेक्षक तीन वर्षांत कॅमेरा कशाला मागवेल? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादांनी तो विलायतेहून मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी टिपली ती कुस्ती.