अवशेष कोणाचे? : ‘झोन’ या आशयसूत्राविषयी

ओसाड पडलेल्या सोव्हिएत वास्तूंचे दर्शन हा गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र आविष्कारप्रकार बनला आहे. छायाचित्रसंग्रह, प्रवासलेखन, माहितीपट, संगणकीय खेळ अशा विविध माध्यमांतून तो वाढला आणि त्याची संकेतव्यवस्थाही आता ठरून गेली आहे. पोपडे आलेला रंग, भिंतीवरचे विटलेले लेनिनचे चित्र, फरशी फोडून वर आलेले झाड, रिकाम्या वर्गातील बाहुली हे त्यातील नित्याचे घटक होत. वास्तू कोणती, ती कोणी, केव्हा व का सोडली, या प्रश्नांची उत्तरे न मिळताही हे चित्र परिपूर्ण वाटते. अवशेषांना अर्थ कोण देतो आणि तो देताना कोणाला वगळतो, हा समीक्षेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

‘सोव्हिएत अवशेष’ या एका नावाखाली जे एकत्र येते ते मुळात एकजिनसी नाही. युक्रेनमधील प्रिप्यात हे शहर १९७० साली वसवले गेले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल अणुवीजकेंद्रात स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी तेथील सुमारे ४९,००० रहिवाशांना हलवण्यात आले. म्हणजे हे शहर ओसाड झाले तेव्हा सोव्हिएत संघ अस्तित्वात होता. स्वालबार द्वीपसमूहातील पिरामिडेन ही कोळसाखाणीची वसाहत बंद पडली ती १९९८ साली, संघाच्या विसर्जनानंतर सात वर्षांनी. बल्गेरियातील बुझ्लुद्झा शिखरावरील बशीच्या आकाराचे स्मारकगृह १९८१ साली तेथील कम्युनिस्ट पक्षाने उभारले. तो देश सोव्हिएत संघाचा घटक कधीच नव्हता. एके ठिकाणी अपघात, दुसऱ्या ठिकाणी खाणीचा अंत, तिसऱ्या ठिकाणी सत्तांतर अशी कारणे भिन्न आहेत. छायाचित्रात मात्र तिघांची छटा एकच असते. कारणाचा लोप ही या सौंदर्यदृष्टीची पूर्वअटच आहे, असे म्हणावे लागते.

या दृष्टीची उपपत्ती लावताना आलोइस रीगल यांनी १९०३ साली स्मारकांविषयी मांडलेला विचार उपयुक्त ठरतो. स्मारकाचे ऐतिहासिक मूल्य ज्ञानावर अवलंबून असते, तर त्याचे वयोमूल्य कोणत्याही ज्ञानावाचून, केवळ झिजेच्या दर्शनाने प्रत्ययास येते, असा भेद त्यांनी केला. त्यांचे आणखी एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. नव्या वस्तूवर अकाली जीर्णतेच्या खुणा दिसल्या तर आधुनिक मनाला ते खटकते, असे ते सांगतात. या न्यायाने प्रिप्यातचे दर्शन अस्वस्थ करणारे असावयास हवे. सोळा वर्षांचे शहर, १९८६ च्या मे दिनाला खुली व्हावयाची करमणूक-बाग आणि तिच्यातील पाळणा यांत प्राचीन असे काहीच नाही. तरीही ते पाहणाऱ्याला रोमन अवशेषांसारखी शांत विषण्णता लाभते. याचे कारण ‘सोव्हिएत’ या विशेषणात आहे. राज्यव्यवस्था संपली की तिच्यातली माणसेही जणू इतिहासजमा होतात आणि काही दशकांच्या वस्तूला शतकांचे वय बहाल होते. वास्तविक त्या घरांतली कितीतरी माणसे हयात आहेत.

या परिसराला ‘झोन’ म्हटले जाते आणि त्यात चोरून शिरणारे स्वतःला ‘स्टॉकर’ म्हणवून घेतात. ‘झोन’ हा प्रशासकीय शब्दही आहे. पण त्याभोवतीचे वलय आणि ‘स्टॉकर’ हे अभिधान साहित्यातून आले. अर्कादी व बोरिस स्त्रुगात्स्की यांच्या १९७२ च्या ‘रस्त्याकडेची सहल’ या कादंबरीत परग्रहवासी येऊन गेल्यानंतर मागे उरलेला निषिद्ध प्रदेश आहे आणि तेथील अगम्य वस्तू चोरून आणून विकणारा नायक आहे. आंद्रेई तारकोव्स्की यांच्या १९७९ च्या ‘स्टॉकर’ या चित्रपटात हाच प्रदेश श्रद्धेच्या कसोटीचे स्थळ बनतो. दोन्ही कृती अपघाताच्या आधीच्या असल्याने त्यांना भविष्यवाणी ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्यांचा खरा परिणाम उलट दिशेने झाला. नंतरच्या दर्शकाला वास्तव पाहण्याची चौकट त्यांनी पुरवली. कादंबरीत व चित्रपटात झोनची किंमत स्टॉकरची मुलगी आपल्या देहावर भोगते. २००७ साली निघालेल्या संगणकीय खेळाने आणि त्यानंतरच्या हौशी भटकंतीने झोन उचलला, स्टॉकर उचलला; मुलगी मात्र मागे राहिली.

कादंबरीचे मूळ रूपक नीट पाहिले तर हा विपर्यास अधिक स्पष्ट होतो. सहलीला आलेले निघून जातात, कचरा मागे राहतो आणि स्थानिक प्राणी त्या कचऱ्याचा अर्थ लावत बसतात, असे ते रूपक आहे. प्रिप्यातमध्ये भूमिका बदलल्या आहेत. तेथील वस्तू स्थानिकांच्या आहेत आणि सहलीला येतो तो दर्शक. २०११ पासून युक्रेनने ही सहल अधिकृतही केली होती.

या दृष्टीला खरे उत्तर स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या १९९७ च्या चेर्नोबिलविषयक ग्रंथात मिळते. त्यातील एक बाप झोनमध्ये चोरून शिरतो आणि स्वतःच्याच घराचा दरवाजा घेऊन येतो. घरातील मृताला त्या दरवाजावर निजवण्याची कुळाची रीत असते. मुलांच्या वाढत्या उंचीच्या खुणाही त्यावर असतात. पुढे त्याच दरवाजावर त्याच्या लहान मुलीला निजवावे लागते. कृती स्टॉकरचीच आहे. पण येथे वस्तू अगम्य नाही आणि नेणाराच तिचा धनी आहे. दरवाजाचे वयोमूल्य शून्य असले तरी त्याचा अर्थ संपूर्ण आहे, कारण तो सांगणारा माणूस समोर आहे.

अर्थात साक्ष म्हणजे निर्भेळ सत्य, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. या निवेदनांची निवड व रचना लेखिकेची आहे आणि आवृत्त्यांमधून तिने त्यांत बदलही केले आहेत. तेव्हा छायाचित्रकार बाहुली मांडून ठेवतो आणि लेखिका स्वर मांडते, या दोहोंत फरक कोणता, असा आक्षेप संभवतो. फरक रचनेच्या असण्यानसण्यात नसून तिच्या परिणामात आहे. मांडलेली बाहुली धन्याचा प्रश्नच मिटवते. मांडलेला स्वर तो प्रश्न वाचकाच्या दारात आणून उभा करतो.

आंद्रेई प्लातोनव यांनी १९३० च्या सुमारास लिहिलेली ‘पायाचा खड्डा’ ही कादंबरी मायदेशी १९८७ साली प्रकाशित होऊ शकली. श्रमिकांच्या भावी भवनासाठी खणलेल्या खड्ड्यात अखेर एका अनाथ मुलीला पुरले जाते. भवन उभेच राहत नाही. सोव्हिएत अवशेष हे गतकाळाचे नसून न आलेल्या भविष्याचे आहेत, हे आज रूढ झालेले विधान या अभियंता-लेखकाने अर्धशतक आधी कथारूपाने मांडले होते. मात्र त्याने मुलीला कथेबाहेर ठेवले नाही.

मराठी वाचकाचा या प्रदेशाशी संबंध आशेच्या काळापासूनचा आहे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली तेथे गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिते झाले. पाहुण्याला यजमान निवडक तेच दाखवतो, ही अशा प्रवासाची मर्यादा खरी. परंतु त्या लेखनाचे कुतूहल कष्टकरी माणसाच्या जगण्याविषयी आहे. आजच्या भग्नदर्शनातून नेमके तेच हरवले आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्य याच झोनमधून युक्रेनमध्ये शिरले आणि मार्चअखेरपर्यंत अणुकेंद्र त्याच्या ताब्यात राहिले. संपून गेलेला इतिहास म्हणून जे पाहिले जात होते, ते संपलेले नव्हते. अवशेषांच्या समीक्षेने म्हणून झिजेच्या सौंदर्यापाशी थांबू नये. दरवाजा दिसला की त्यावरच्या उंचीच्या खुणा कोणाच्या, हे तिने प्रथम विचारावे.