ढोलकीला नाममुद्रा नसते

आमच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला गेला त्याला आता वर्ष होत आलं. एप्रिलातला कार्यक्रम होता, सिन्नर तालुक्यातल्या एका गावात. सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचं म्हणून त्याने मुक्काम केला नाही. पहाटे मोटारसायकलवर नाशिककडे येताना मोहदरी घाटात ट्रकने उडवलं. मी मागून येणाऱ्या टेम्पोत पेटी मांडीवर घेऊन झोपलो होतो.

शोकसभा झाली. चार जण बोलले. चौघांनीही माझ्या गाण्यांचं कौतुक केलं आणि त्याच्याबद्दल एकच वाक्य सांगितलं, 'त्याने चांगली साथ दिली.' पाचवा मी. मीही तेच बोललो. घरी आल्यावर ते वाक्य चावायला लागलं. हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे, म्हणजे माझ्याही विरोधात आहे.

साथ म्हणजे काय? गाणं कवीचं, आणि बाकीचे त्याला हात लावणारे, असंच ना? आपली सगळी समीक्षा याच समजावर उभी आहे. ती गाणं छापील कागदावर वाचते. कागदावर ढोलकी नसते, झील धरणारे नसतात, पुढ्यात बसलेली बाया-माणसं नसतात. मग समीक्षक म्हणतात, हा प्रचार आहे, यात काव्य कमी. अरे, ज्याचं अर्धं अंग तुम्ही कापून टाकलं ते लंगडणारच.

उदाहरण माझ्याच गाण्याचं देतो. दुसऱ्याचं घेऊन उगीच भांडण नको.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर मी एक गाणं लिहिलं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो वर्षानुवर्षं लढवला. मंदिराची दारं बंद केली गेली आणि माणसं दारांशी बसून राहिली. मी कुठूनतरी वाचलेल्या भाषेत पहिली ओळ लिहिली, 'इतिहासाच्या काळोखाने बंद केलेल्या दरवाजाला विचार.' मला वाटलं, काय कविता झाली!

तो मेंटेनन्सला फिटर होता, मी रिंग खात्यात. जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनच्या मागे गाठींवर बसून त्याला ओळ वाचून दाखवली. त्याने डब्याच्या झाकणावर केरवा धरला. आठ मात्रा. ओळ काही बसेना. दोन आवर्तनं गेली तरी मी आपला बडबडतोच. तो म्हणाला, "भो, ह्यात श्वास घ्यायला जागाच नाय. मी वाजवू कुठं, अन् लोकांनी बोलावं कुठं?"

लोकांनी बोलावं, ही गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. माझ्या हिशेबात लोकांनी फक्त ऐकायचं होतं. आठवडाभर भांडलो. शेवटी ओळ उरली, 'दार कुणाचं, विचार त्याला.' तीही त्याने मधे तोडली. 'दार कुणाचं' वर तो थांबायचा. दोन मात्रा रिकाम्या सोडायचा आणि मग धुमेवर एकच थाप द्यायचा. सातपूरच्या कार्यक्रमात त्या रिकाम्या जागेत मागून एक म्हातारी ओरडली, "आमचं!" दुसऱ्या आवर्तनाला सगळा मंडप ओरडला. पुस्तिका छापली तेव्हा तो 'आमचं' मी ओळीत घालून टाकला. खाली नाव माझं. त्या गाण्यातला सगळ्यात जिवंत शब्द मी लिहिलेलाच नाही. एका म्हातारीने तो दिला, आणि तिच्यासाठी जागा एका फिटरने ठेवली.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने हरकत घेतली. म्हणाला, बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. आणि तुम्ही अजून देवळाच्या दारात उभे राहून 'आमचं' म्हणता? हरकत बिनतोड होती. मी नवीन कडवं लिहायला बसलो. त्यात येवला, नागपूर, तारखा, सगळं कोंबलं. तो म्हणाला, "एवढं कशाला? शेवटी एकच विचारू, जायाचं का आत?" आणि त्या जागी त्याने ढोलकी बंदच केली. थाप नाही, काही नाही. पेटीपण थांबवायला लावली. मंडप गप्प. मग कुणीतरी "नाय!" म्हणायचं, कुणी हसायचं, आणि हळूहळू सगळे "नाय" वर यायचे. तेव्हा तो पुन्हा केरवा उचलायचा, आधीपेक्षा चढा.

दार आमच्या हक्काचं होतं हे सांगायचं, आणि आता आम्हाला आत जायचं नाही हेही सांगायचं. १९३० ते १९५६ चा हा प्रवास मला तीन कडव्यांत जमला नसता. त्याने हात उचलून धरला आणि झालं.

पुस्तिकेत ती शांतता छापता आली नाही. कशी छापणार? 'जायाचं का आत?' एवढा प्रश्न राहिला. एका समीक्षकाने लिहिलं, कवी अजून मंदिरप्रवेशातच अडकला आहे. मला राग आला, पण आज वाटतं, त्याची एकट्याची चूक नव्हती. त्याला दिलेला कागदच अर्धा होता. आणि कागद मीच दिला होता.

आता हे फक्त आमच्या पार्टीचं रडगाणं आहे का? नाही. आपल्या नाशिक जिल्ह्याकडेच बघा. भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशातलं गण-गौळण बाजूला सारलं आणि त्याच सांगाड्यात बाबासाहेबांचा विचार भरला. जलशाचा इतिहास लिहायला मोठमोठे पंडित आले नाहीत. १९७८ मध्ये कर्डकांनी स्वतःच पुस्तक लिहिलं. जलसेवाल्यालाच लेखणी हातात घ्यावी लागली.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. मुंबईत मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले, आणि मोठेपणी अक्षरं शिकले. माझ्यासारख्या माणसाला दादांचं नाव घेताना छाती भरून येते. पण हिशेब सगळ्यांचाच मांडला पाहिजे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला १९७२ ला, वामनदादांचा 'वाटचाल' १९७३ ला. 'गोलपिठा'वर जेवढी शाई खर्च झाली तिचा चौथा हिस्सा तरी 'वाटचाल'च्या वाट्याला आला का? 'गोलपिठा'वर झाली ती व्हायलाच हवी होती. पण आपण छापील कवितेला साहित्याच्या ओट्यावर बसवलं आणि गाण्याला अंगणात ठेवलं.

आणि अंगणातही पायऱ्या आहेतच. वामनदादा गाण्याच्या शेवटी 'वामन' म्हणून नाव गुंफायचे. म्हणून गाणं कुणीही गायलं तरी दादा त्यात राहतात. कवीला नाममुद्रा असते, गायकाला कॅसेटवर फोटो असतो. ढोलकीवाल्याला काय? भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका काढून बघा. गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'चाल : अमक्या सिनेमातल्या तमक्या गाण्याची.' सिनेमाला श्रेय आहे. रात्रभर थंडीत बसून बोटं फोडून घेणाऱ्याला नाही.

मित्र गेल्यावर त्याला गाण्यातून कसं आठवायचं, याचा एक धडा आपल्यापुढे आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरेने मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आव्हान नाट्य मंचाचा तो गायक, पण शेवटी संघटनेपासून तुटलेला. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये त्याचं गाणं घेतलं होतं. तो गेल्यावर त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षं खपून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. मी तो वस्तीत, चादरीच्या पडद्यावर पाहिला. त्यात गाणं दोन भाषणांच्या मधे लावलेलं तोरण नाही. गाणं चालू राहतं, गाणाऱ्याचं तोंड दिसतं, वस्ती दिसते. आव्हानमधलाच त्याचा साथी संभाजी भगत त्यात गातो. विलास कोण होता हे भाषणापेक्षा गाण्यातूनच कळतं. आणि चळवळ आपल्या माणसाला जिवंतपणी कशी एकटं पाडते, हेही.

माझ्याकडे कॅमेरा नाही. मोबाईलमध्ये अकरा रेकॉर्डिंगं आहेत, त्यातल्या चारांत टेम्पोचा हॉर्नच जास्त ऐकू येतो. पण ती परत परत ऐकली. ऐकताना त्याचे दोषही ऐकू आले. लोक टाळ्या पिटायला लागले की तो लय चढवत न्यायचा, आणि मागे बसलेल्या बायांना शब्द कळायचे नाहीत. त्यावरून मी त्याला शिव्या दिल्यात. आज त्याची आरती ओवाळायची नाही. तो कलावंत होता म्हणूनच त्याच्या चुका मोजायच्या. साथीदाराच्या चुका कुणी मोजतं का?

तेव्हा पोरांनो, तीन गोष्टी करा. पुस्तिका छापाल तेव्हा प्रत्येक गाण्याखाली वाजवणाऱ्याचं आणि झील धरणाऱ्यांचं नाव टाका. लोक जिथे बोलतात, जिथे ढोलकी थांबते, ते कंसात लिहा. आणि गाण्यावर लिहिणार असाल तर आधी मंडपात मागे, बायांच्यात जाऊन बसा, मग लेखणी उचला.

तुम्ही विचाराल, मग तुझ्या मित्राचं नाव या लेखात कुठंय? त्याच्या आईने सांगितलंय, अपघाताची केस उभी आहे तोवर नाव कुठं छापू नको. तिचा शब्द मी मोडणार नाही. पुस्तिका पुन्हा निघेल तेव्हा 'दार' या गाण्याखाली दोन नावं असतील, आणि पहिलं माझं नसेल.

त्याची ढोलकी नटबोल्टची. तेरा नंबरचा पाना अजून तिच्या पिशवीतच आहे. परवा त्याचा धाकटा भाऊ आला, नट आवळले आणि केरवा धरला. 'दार कुणाचं' वर तो थांबला नाही, तसाच पुढे गेला.

त्याला म्हटलं, "थांब. इथं थांबायचं असतं. का थांबायचं ते सांगतो."

जय भीम.